दहा हजारांत एक

१९ मार्च
कार्यालय, तिसरा मजला

धाकट्या,

आठ वर्षांनी पत्र लिहिते आहे. वर आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस हे मला माहीत आहे. तरी आज सकाळपासून सतरा वेळा लावून पाहिला. वहिनीचाही लागत नाही.

सकाळी नऊ वाजता नेहमीसारखी यादी आली. लाळ्या-खुरकूत नव्याने कुठे सापडली त्याची यादी गेले पाच आठवडे रोज येते. त्यात माणसांची नावं नसतात. गोठ्याचा क्रमांक, जनावरांची संख्या आणि नकाशावरची जागा, बस. मी भिंतीवरच्या नकाशात टाचणी खुपसते, आकडे संगणकात भरते आणि संध्याकाळपर्यंत सांगते की हा आजार इथून पुढे कुठे जायची किती शक्यता आहे. याच कामाचा मला पगार मिळतो. आज चौथी ओळ होती: लहान-मोठी मिळून एकेचाळीस. टाचणी घेऊन हात वर केला आणि कळलं की ही जागा मला नकाशाशिवाय सापडते. ओढ्याचा पूल, मग चढ, मग उजवीकडे वळण. मी खाली बसले. शेजारचा कारकून म्हणाला, "मॅडम, पाणी आणू का?" मी टाचणी त्याच्या हातात दिली.

आता कामाचं ऐक. उद्या सकाळी आमचं पथक येईल. एका जनावराला झालंय की सगळ्यांना, हे बघायला ते थांबत नाहीत. सगळी जनावरं मारतात. आमच्या कागदावर त्याला कलिंग म्हणतात, कारण मारणं लिहायला आम्हालाही बरं वाटत नाही. तुझ्या भोवतालच्या एक किलोमीटरमधल्या चार गोठ्यांचंही तेच होईल. चीड, शिव्या दे, माझ्या नावाने खडे फोड, पण गेट अडवू नकोस. सगळ्यांना पोटभर वैरण घालून ठेव. भुकेलं जनावर फार धडपडतं. निळ्या पत्र्याखाली वासरं बांधतोस तिथे वहिनीला थांबू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तरी सांग. तू स्वतः थांबलास तर डॉक्टरच्या हाताकडे बघू नकोस, जनावराच्या डोळ्याकडे बघ. आबांनी तसंच केलं होतं.

आबांचं नाव काढलं, चुकलं. पण खोडत नाही.

मी तिकडे फिरकल्याला आठ वर्षं झाली. त्यामुळे तुझा गोठा आता कसा आहे, तू काय काय काळजी घेतोस, मला काही ठाऊक नाही. तुझ्याकडे हा आजार आला कसा हेच कळत नाही. माझ्या हिशेबात तुझ्या भागाला धोका नगण्य होता. मी कालपर्यंत तसं लिहून देत होते.

हे पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रायव्हरबरोबर पाठवते. गेटवर पिशवी औषधाच्या पाण्यात बुडवून आत देतील. आत असं येता येतं. बाहेर मात्र तुमच्याकडून एकवीस दिवस काहीही येऊ शकत नाही, कागदाचा कपटासुद्धा नाही. नियम माझाच आहे. म्हणून फोन कर.

ताई


२२ मार्च

धाकट्या,

फोन आला नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

पथकाचा अहवाल वाचला. साडेसहाला सुरू झालं, पावणेदहाला संपलं, मालकाने सहकार्य केलं. "मालक पूर्ण वेळ उपस्थित होता," असं डॉक्टरने लिहिलं आहे. त्या एका वाक्यावरून मला पुढे सरकता येईना. मी ते वाक्य आठ वर्षांपूर्वीही वाचलं होतं. तेव्हा मालक आबा होते.

तुला वाटत असेल, मी ते विसरले. पहिली साथ, माझी नवी नोकरी, मी काढलेलं तीन किलोमीटरचं वर्तुळ. आपला गोठा दोन किलोमीटर नऊशे मीटरवर होता. दीडशे मीटर अलीकडे काढलं असतं तर आबांची जनावरं वाचली असती. नंतरच्या तपासणीत आपली सगळी निरोगी निघाली. तू म्हणालास, "पाढे म्हणत बस आता," आणि मग काहीच म्हणाला नाहीस. आबा पुढची थंडी काढू शकले नाहीत. ते गेले तेव्हा आपण दोघं एका खोलीत चार तास होतो आणि एकमेकांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मला सगळं आठवतं. पण त्या वेळी तीन किलोमीटर बरोबर होते, हेही मी आजही म्हणेन.

आता जे लिहिते आहे ते वाचून तू हे पत्र फेकून देशील, तरी लिहिते. पहिलं आजारी पडलं ते कालवड-वासरू, कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे आकडे ३१७, कपाळावर पांढरा ठिपका. १७ तारखेला तोंडातून लाळ. म्हणजे लागण साधारण पाच-सहा दिवस आधीची. पथकाने तुझी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही निर्जंतुक करून आणली (तपासाच्या कागदांना तेवढी सूट आहे), ती आत्ता माझ्या टेबलावर आहे. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं. किती नीट ठेवली आहेस रे ही वही! दूधगाडीवाला रोज सकाळ-संध्याकाळ सही करतो. औषधवाला, वीजवाला, कोण किती वाजता आला, बूट बुडवले का, सगळं. असली वही मी दुसऱ्या कुठल्या गोठ्यात पाहिलेली नाही.

आणि मग १२ तारखेचं पान नाही. कापलेलं नाही, फाडलेलं आहे. मधली टोकं शिवणीत तशीच आहेत.

धाकट्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला माहीत नसेल, पण फाटलेल्या पानाला आमच्या हिशेबात वजन आहे. मागच्या साथीत आठ गोठ्यांच्या वह्यांतली पानं गायब होती. आठातल्या सात जणांनी बंदी असताना चोरून जनावर विकत आणलं होतं. आमचे संचालक, ज्यांना सगळे मागून दशांश साहेब म्हणतात, त्यांना नुसतं "आठातले सात" चालत नाही. त्यांना टिंबानंतरचा आकडा लागतो. म्हणून तुझ्या नावापुढे, लपवून जनावर आणल्याची शक्यता या रकान्यात, मी स्वतःच्या हाताने ८७.५ लिहिलं.

१५ एप्रिलला सुनावणी आहे. समितीने हे मान्य केलं तर तुला पुन्हा आयुष्यात जनावर ठेवता येणार नाही. शिवाय शेजारच्या चार गोठ्यांचं पातक तुझ्या माथी बसेल, ते वेगळंच. म्हणून ताई म्हणून नाही, माणूस म्हणून विचारते: कुठून आणलंस? कुणाकडून? स्वतःहून सांगणाऱ्याला समिती नरमाईने घेते. आबांच्या मुलाने हे करावं? मला अजून खरं वाटत नाही. दिवसभर वही उघडते आणि त्या फाटलेल्या जागी बोट ठेवून बसते.

ताई


२५ मार्च, दुपार

धाकट्या,

हे पत्र कसं लिहू कळत नाही. आधी ऑफिसची बातमी सांगते.

ओढ्याच्या पलीकडे, तुझ्यापासून गाडीने वीस मिनिटांवर, एक मेंढ्यांचा कळप आहे. म्हातारा-म्हातारी आणि दीडशे मेंढ्या. आज सकाळी त्यांच्याकडे आजार सापडला. मेंढ्यांना हा आजार असून नसल्यासारखा होतो. गाईसारखी लाळ गळत नाही, चार दिवस लंगडतात आणि चरायला लागतात. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टरने तोंडं उघडून जखमा पाहिल्या. जखम किती जुनी आहे हे तिच्या कडांवरून कळतं. त्याने लिहिलंय: बारा ते चौदा दिवस.

मी आजपासून मागे मोजलं. बोटांवर मोजलं, संगणकावर नाही. ११ तारीख. १२ तारीख. १३ तारीख.

मग पुन्हा मोजलं.

कारकून चहा ठेवून गेला. तो गार झाला, त्यावर साय धरली, आणि मी त्या सायीकडे बघत बसले आहे. हातात पेन आहे पण ते माझ्या हातात आहे असं वाटत नाही.

पत्र इथेच थांबवते. हे पाठवू का नको, तेही कळत नाही.


२६ मार्च, सकाळ

धाकट्या,

कालचं पत्रही याच पिशवीत घालते आहे. अर्धवट आहे, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तिकडे फिरकल्याला आठ वर्षं झाली. ते खोटं होतं. मी १२ मार्चला तुझ्या गोठ्यात आले होते.

एरवी मी टेबल सोडत नाही. पण त्या आठवड्यात माणसं कमी पडली, आणि मला हिशेबासाठी एक आकडा हवा होता: एका कळपात आठवड्यात बाहेरची किती माणसं येतात. म्हणून मीच गाडी काढली. सकाळी अकराला त्या म्हातारा-म्हातारीकडे होते. म्हातारीला बिल्ल्यांचे नंबर वाचता येत नव्हते. ती म्हणाली, "बाई, जरा हिचं तोंड धर, मी कान धरते." मी धरलं. पाच-सहा मेंढ्यांचं धरलं. ओली, गरम तोंडं. लहानपणीची सवय, त्यात काही वावगं वाटलं नाही. कळपात आजार आहे असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. निघताना बूट धुतले, वरचा अंगरखा काढून पिशवीत भरला. हात रुमालाला पुसले.

नियम असा आहे की एका कळपातून आलेल्या माणसाने बहात्तर तास दुसऱ्या जनावराजवळ जायचं नाही. कुणी केला हा नियम, हे तुला सांगायला नको.

मधे दोन ठिकाणी फक्त कागद घेतले. चार वाजता परत निघाले आणि पुलानंतर तो चढ आला. उजवीकडे वळण. गाडी थांबवली. वरून तुझा निळा पत्रा दिसत होता. आबांच्या वेळी तिथे उघडं आवार होतं. तू परत गोठा उभा केलास हे मी लोकांकडून ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. एकदाच बघावं, लांबून, असं वाटलं.

आणि आता ऐक मी काय केलं. दुसरा कुणी असता तर मनात म्हणाला असता, जाऊ दे, काही होत नाही, आणि गेला असता. किंवा नियम आठवून परत फिरला असता. मी गाडीत बसून हिशेब केला. पेट्रोलच्या पावतीच्या मागे. मेंढ्यांच्या त्या कळपात आजार असण्याची शक्यता पन्नासात एक. असला तर तो माझ्या हाताला लागायची विसात एक. पाच तास टिकून दुसऱ्या जनावराला लागायची दहात एक. पन्नास गुणिले वीस गुणिले दहा. दहा हजारांत एक. मी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. एवढ्या आकड्याला आम्ही नगण्य म्हणतो. मी स्वतःला परवानगी दिली.

विसात एक हा आकडा नुसतं वही घेऊन उभं राहणाऱ्या माणसाचा आहे. तोंडं धरणाऱ्याचा नाही. हे मला कळत होतं का? त्या वेळी नाही कळलं. पण मला आत यायचं होतं, आणि माझ्या हिशेबाला ते कळत असावं.

हाक मारली, कुणी ओ दिली नाही. तुझी गाडी नव्हती. मला हायसं वाटलं, खरं सांगते. गेटवरचे रबरी बूट घातले, औषधाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवले. नळही होता, साबणही होता. पाच मिनिटंच तर थांबायचंय, कशालाही हात लावायचा नाहीये, असं म्हणून पुढे गेले. वासरांच्या ओळीत पांढऱ्या ठिपक्याचं एक होतं. त्याने मान लांब केली. मी हात पुढे केला. त्याने माझी बोटं तोंडात घेतली आणि चोखायला लागलं. खरबरीत जीभ, तीच ताकद. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मी रडत होते, धाकट्या. आठ वर्षांत पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

बिल्ल्यावर ३१७ होतं. मला आकडे लक्षात राहतात, तो माझा धंदा आहे. २२ तारखेला अहवालात ३१७ वाचलं तेव्हाच तो आकडा ओळखला होता. पण ते मी कुठेतरी खोल सरकवलं आणि तुला चोर ठरवायला बसले. तुझ्या एकेचाळीस जनावरांना मी मारलं. वर तुलाच शहाणपण शिकवलं.

उद्या दशांश साहेबांना सगळं लिहून देते आहे. तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही, तेवढी लाज शिल्लक आहे.

ताई


१ एप्रिल

धाकट्या,

तुला हसू येईल अशी गोष्ट सांगते. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दशांश साहेबांनी माझं निवेदन दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले, "मॅडम, तो तुमचा सख्खा भाऊ आहे ना?"

म्हटलं, "हो."

"मग बरोबर आहे. बहिणीने मान पुढे करावी, यात वाईट काही नाही. पण हे फाइलमध्ये कसं घालू?"

"सर, मी तिथे गेले होते. मी सांगतेय ना."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"वहीत नोंद?"

१२ तारखेचंच पान नाही. साहेबांनी माझ्याच अहवालाची प्रत पुढे ओढली. "आणि हे बघा. तुमच्याच पद्धतीने धरलं, मेंढ्यांत आजार नक्की होता असंही धरलं, तरी तुमच्या हातून लागण व्हायची शक्यता किती? दोनशेत एक. शून्य पूर्णांक पाच टक्के. आणि चोरून जनावर आणल्याची? साडेसत्त्याऐंशी. आकडे तुमचे आहेत, मॅडम. मी नाही काढले."

"विसात एक चुकीचं आहे, सर. मी तोंडं धरली होती."

"ते आजच आठवलं?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी आठ वर्षं लोकांना हेच तर ऐकवत आले. गोठेवाले खुर्चीत बसून शपथा घ्यायचे आणि मी शांतपणे म्हणायची, "तुमचं खरं असेलही, पण आकडे वेगळं सांगतात." आता त्या खुर्चीत मी होते. खुर्चीचा एक पाय लुळा आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

मग साहेबांना आमचा मोठा तक्ता दाखवला. आजार पसरायचे सतरा मार्ग, प्रत्येकापुढे एक आकडा. दूधगाडी, वैरण, भटकी कुत्री, वारा. शेवटची ओळ: पथक व अधिकारी यांच्यामार्फत प्रसार. पुढे शून्य. शेऱ्याच्या रकान्यात "नियम पाळले जातात." अक्षर माझं. सही माझी. कुत्र्याला मी आकडा दिला, वाऱ्याला दिला, आणि स्वतःला शून्य दिलं. साहेबांनी त्या शून्याभोवती पेन्सिलने गोल काढला. म्हणाले, "हे पुढच्या बैठकीत घेऊ."

मला सुनावणीपर्यंत घरी बसवलं आहे, प्रकृतीच्या कारणाने. सगळे फार गोड वागतात. कारकुनाने माझी पिशवी खालपर्यंत आणून दिली. मला तर त्याच्यावर खेकसावंसं वाटत होतं.

घरी बसून एक केलं. मागच्या साथीतल्या त्या आठ वह्या आठवल्या. आठातले सात, आठातले सात, हे मी इतक्यांदा म्हटलं, पण तो आठवा कोण होता हे कधी विचारलं नव्हतं. शोधून फोन लावला. एक म्हातारबाबा निघाले. म्हणाले, "नातीनं होडी केली हो त्या पानाची. तुमच्या लोकांना सांगितलं तर हसायला लागले. सहा महिने चौकशीत घातलेत माझे." मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "आता काय उपयोग, पण बरं वाटलं."

तू ते पान का फाडलंस मला माहीत नाही. आता मी विचारतही नाही. काही साधंच कारण असेल. पण ते साधं कारण १५ तारखेला कुणी ऐकून घेणार नाही, आणि माझं खरं कुणी खरं मानत नाही. तू निर्दोष आहेस हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि माझ्या शब्दाला माझ्याच आकड्याने किंमत ठेवलेली नाही. तुझा गोठा मी दोनदा रिकामा केला, धाकट्या. आता कायमचा करते आहे. मला काही सुचत नाही.

ताई


१० एप्रिल

ताई,

आज एकवीस दिवस संपले. गेटवरचा माणूस दोरी सोडून गेला. तुझ्या नियमाने आता कागद बाहेर जाऊ शकतो म्हणून लिहितोय. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

तुझी पत्रं मिळाली. सगळी ओली, औषधाच्या वासाची. तुझ्या वहिनीने दोरीवर वाळत घातली होती. तू पत्र लिहितेस की अहवाल तेच कळत नाही. पण वाचली. शेवटची दोन पुष्कळदा वाचली.

तुला वाटतं तुला कुणी पाहिलं नाही. मी पाण्याच्या टाकीवर होतो. टाकीचा फ्लोट बिघडलेला, तो बसवत होतो. गाडी वहिनी घेऊन गेली होती. तू गेटवर हाक मारलीस, "कुणी आहे का घरात?" आवाज ओळखला. ओ द्यायला तोंड उघडलं होतं. पण दिली नाही. म्हटलं, बघू तर खरं काय करते. मग तू वासराजवळ रडायला लागलीस. तेव्हा तर खाली उतरणं जमेचना. तू गेल्यावर उतरलो.

आणि सवयीने वहीत लिहिलं. मी कुणालाच सोडत नाही, आबांची शिकवण. १७ तारखेला ३१७ च्या तोंडात फोड बघितले आणि मला लगेच कळलं. मला गुणाकार लागत नाही. डॉक्टर यायच्या आत पान फाडलं. तुझ्यावर प्रेम उतू चाललं होतं म्हणून नाही, तेवढं समजू नकोस. रागच होता. पण आबांच्या वेळी तुझ्यामुळे घर गेलं म्हणून मी जगभर सांगत फिरलो होतो. पुन्हा तेच सांगत फिरायची ताकद नव्हती. वहिनी म्हणाली, "अहो, तुमच्यावर येईल." म्हटलं, येऊ दे.

तुझं पहिलं पत्र आलं त्यात निळा पत्रा होता. आठ वर्षं फिरकली नाहीस म्हणे आणि पत्र्याचा रंग माहीत! वहिनी पत्र वाचताना हसली आणि मग रडली. दुसऱ्या पत्रात तू मला चोर म्हणालीस, तेव्हा पान चुलीत घालायला घेतलं होतं. तिने हातातून काढून घेतलं. तू शेवटपर्यंत गप्प बसली असतीस, तर मीही बसलो असतो, आणि आयुष्यभर तुझं तोंड बघितलं नसतं. पण तू स्वतःहून बोललीस. म्हणून पाठवतोय.

पान सोबत आहे. वही तुझ्या साहेबांकडेच आहे, फाटलेली कड जुळवून बघायला सांग. तुझ्या ओळीच्या वर दूधगाडीवाल्याची सकाळची सही आहे, खाली संध्याकाळची. त्याला विचारा. तुला वाचता येणार नाही, माझं मुंग्यांचं अक्षर, म्हणून इथे पुन्हा मोठं करून लिहितो:

"दु. ४.२०. ताई. बूट घातले, ट्रेमध्ये बुडवले. हात धुतले नाहीत. ४.३५ गेली."

साहेबांना द्यायचं की नाही ते तुझं तू बघ. तू देशील हे मला माहीत आहे. तुझी नोकरी जाईल हेही माहीत आहे. शेजारच्या काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते माझ्याकडे बघून थुंकतात. त्यांना तू समोर येऊन सांगायचंस, पत्राने नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या तक्त्यात घाल. तुझे सतरा मार्ग झाले, अठरावा मी सांगतो. मी बघितलं होतं की तू नळाजवळून तशीच पुढे गेलीस. टाकीवरून एक हाक मारली असती, "ताई, हात धू," तर तू धुतले असतेस. तेवढंसुद्धा तुझ्याशी बोलायचं नव्हतं मला. आठ वर्षांचं मौन मोडायचं नव्हतं. एकेचाळीस माझी आणि शेजारच्यांची किती, ती त्या एका हाकेवर गेली. याला किती टक्के लावायचे ते तूच लाव, पाढेवाली.

मी अजून दूध काढायच्या वेळेला उठतो. उठून काय करायचं कळत नाही, मग शेडमध्ये जाऊन उभा राहतो. वहिनी म्हणते, बहिणीला बोलवा. शेड रिकामी आहे. आता हात न धुता आलीस तरी चालेल.

धाकटा